दर दहा सेकंदांनी

दुभाषी म्हणून कंपनीनं मला दिवसाचे आठशे रँड कबूल केले होते,
वर जेवण.
शाळेचा हॉल, पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीवर पाढे,
आणि पाढ्यांवरच चिकटवलेला आमचा समुद्र,
चौकोन चौकोन पाडलेला,
बाप अजून जिवंत असताना
भावांनी वाटण्या करायला बसावं, तसा.

हॅल्डेनसाहेब म्हणाले, "सेस्मिक सर्व्हे."
मी अडले.
म्पोन्डो बोलीत याला शब्द नाही.
मी म्हटलं, जहाज पाण्यात बार काढेल,
आवाज तळाखाली जाऊन परत येईल,
मग कळेल तिथं तेल आहे की नाही.

"म्हणजे दार वाजवणार," मागून कुणीतरी म्हणालं.
"पण कुणाचं?" शेजारचा म्हणाला.

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.
आमचे गेलेले लोक त्या पाण्याखाली राहतात
हे साहेबांच्या अहवालात होतंच,
पान एकशे बारा, सांस्कृतिक बाबी.

गळ टाकून मासे धरणाऱ्या म्बुयिसेलोनं विचारलं,
आवाज केवढा?
साहेब म्हणाले, मर्यादेत.
किती वेळा?
दर दहा सेकंदांनी. रात्रंदिवस. पाच महिने.
आकडे मी होते तसे दिले.
आकड्यांना दुभाषी लागत नाही.

बोलायचं तर उभं राहायचं, अशी आमची रीत.
माजोला उभी राहिली नाही.
पिशवीतून तिनं लोखंड काढलं,
ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी, टोकाशी घासून चपटी केलेली.
चाळीस वर्षं ओहोटीच्या वेळी
तिनं त्यानं खडकावरचे काळे शिंपले उचकटले,
तीन पोरांच्या फिया भरल्या
आणि चौथ्याची शवपेटी आणली.

ते तिनं खुर्चीच्या पायावर मारलं.
ठण्ण.

साहेब हसले. बोलत राहिले.
स्थानिकांना रोजगार, शाळेला संगणक,
ठण्ण.
व्हेल दिसल्यास काम थांबवण्यासाठी
डेकवर दुर्बीण घेऊन एक माणूस,
ठण्ण.
"रात्री पण?" म्बुयिसेलोनं विचारलं.
ठण्ण.

कुणी हसलं नाही.
एक तान्हं मूल दचकून उठलं, थोपटून निजवलं,
पुन्हा उठलं.
हॅल्डेनसाहेबांनी टायची गाठ सैल केली.
"त्या बाईंना विनंती करा," ते मला म्हणाले.
मी विनंती केली. आदरानं, आत्या म्हणून.
ती म्हणाली, "त्याला सांग,
मी मर्यादेतच वाजवतेय."
ठण्ण.

माझ्या घड्याळात अकरा मिनिटं झाली.
मग साहेब एका वाक्याच्या मधोमध थांबले,
कागद मागंपुढं केले,
आणि हळूच मला विचारलं, मी काय सांगत होतो?
मलाही आठवेना.
एवढी वर्षं लोकांची वाक्यं डोक्यात धरून
पलीकडे नेली मी, पाण्यातून मूल न्यावं तशी.
त्या दिवशी हातात काही नव्हतं.

सभा तहकूब. रद्द नव्हे, तहकूब.
पाकिटावर माझी सही घेतली. जेवण झालं नाही.

दुसऱ्या पहाटे ओहोटी होती.
बोलावलं नसताना मी माजोलाच्या मागून खडकांत उतरले.
लोखंड तिनं माझ्या हातात दिलं.
"खालून घाल. अगं, खालून.
आणि लहानांना हात लावू नकोस."
माझी बोटं सोलली. खिशातलं पाकीट भिजलं,
नोटा एकमेकींना चिकटल्या.
कालच्या सभेबद्दल ती अवाक्षर बोलली नाही,
मेंढीला खोकला झालाय, एवढंच.

क्षितिजावर एक जहाज होतं.
"मालवाहू असेल," ती म्हणाली.
शिंपले काढताना समुद्राकडे पाठ करायची नाही,
हे इथं चालायच्या आधी शिकवतात.
टोपली भरली होती, पाणी गुडघ्याला लागलं होतं,
तरी ती तिथंच उभी,
जहाजाकडे तोंड करून.